तीनशे दोनची हवा

भिंत मीच फोडली. सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं फोडली, भर दुपारी, इमारतीची तपासणी चालू असताना फोडली. सरकारी कागदावर 'रहिवाशाने हेतुपुरस्सर केलेले नुकसान' असं लिहिलंय. लिहू द्या. कागदाला काय, जे लिहाल ते त्याला चालतं. पण तुम्ही हवामुकादमाचं काम शिकायला माझ्याकडे आला आहात, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. पंखे आणि नळ्या उद्या.

आमची जुनी वस्ती टिनाची होती. शेजारी डाळीला फोडणी पडली की इकडे शिंक यायची. त्या वस्तीत एक रीत होती. एखाद्या घरातून मारहाणीचा आवाज आला, की जिला आधी ऐकू येईल तिनं ताट आणि उलथनं घेऊन त्या दारात उभं राहायचं आणि वाजवायचं. मग दुसरी यायची, तिसरी यायची. आत कोणी जायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त ताटं. वीस ताटांच्या त्या दणक्यात कुठल्याही मर्दाचा हात वर राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नंतर महिनाभर त्या गड्याला पानटपरीवर सगळे विचारायचे, "काय भाऊ, जेवण झालं काय?" तो मान खाली घालून निघून जायचा.

माझ्या नवऱ्यावरही एकदा ताट वाजलं. त्यानं मला चुलीतल्या जळक्या लाकडानं मारलं होतं, डाग अजून खांद्यावर आहे. त्या दिवशी पहिलं ताट वाजवलं ते माझ्या धाकट्या भावानं, हरीनं. दहा वर्षांचा होता. आई गेल्यापासून माझ्याकडेच असायचा. रडत होता आणि वाजवत होता, ताटाला पोचे पडेपर्यंत. नवरा त्यानंतर बारा वर्षं जगला, पण त्यानं माझ्यावर हात उचलला नाही. ते पोचे पडलेलं ताट मी जपून ठेवलंय. हरी माझा भाऊ कमी आणि लेक जास्त होता, एवढं लक्षात ठेवा म्हणजे पुढचं समजेल.

मग तो उन्हाळा आला. पारा एकोणपन्नासवर गेला, पहाटेसुद्धा टिन हाताला चटका द्यायचं, आणि आमच्या वस्तीतून अकरा दिवसांत नऊ माणसं उचलली. त्याच्या पुढच्या वर्षी नियम निघाला. शहराच्या पैशातून जी इमारत उभी राहील, मग ती शाळा असो, दवाखाना असो की आमच्यासारख्यांचं घरकुल, तिनं ठरवून दिलेल्या विजेतच थंड राहिलं पाहिजे. एक वर्ष लोक राहून दाखवतील, वर्षाच्या शेवटी तपासणी होईल, पास झाली तर ताब्याचा दाखला. नापास झाली तर इमारत रिकामी करायची आणि लोकांनी परत टिनात जायचं. चाळीस घरं होती आमची. परत टिनात म्हणजे काय, ते नऊ तिरड्या पाहिलेल्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ही इमारत आम्हीच बांधली. मी आधी रेजा होते, डोक्यावर विटा-गारा वाहायची, मग हातात थापी घेतली आणि गवंडी झाले. तिसऱ्या मजल्याच्या भिंती माझ्या हातच्या आहेत. भाताच्या गिरण्यांमधला तूस चुन्यात दाबून हातभर जाडीचे ठोकळे करायचे आणि ते रचायचे. तुसाच्या कणाकणात हवा अडकून बसते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहजी पुढे सरकत नाही. आवाजही सरकत नाही, पण ते तेव्हा कोणी बोललं नाही. बोललं असतं तरी आम्ही खूशच झालो असतो. टिनात जन्म काढलेल्याला शांतता म्हणजे श्रीमंती वाटते.

भिंतीनंतर फटी. बाहेरची तापलेली हवा फटीतून आत शिरली की थंड करायला वीज जाते, म्हणून एकही फट ठेवायची नाही. प्रत्येक घर म्हणजे झाकण लावलेला डबा. मग माणसानं श्वास कुठून घ्यायचा? तर जमिनीखाली चार मीटरवर नळ्या टाकल्यात. तिथली माती बारा महिने गार असते. बाहेरची हवा त्या नळ्यांतून फिरून, निवून घरात येते. किती यायची, ते छताजवळची एक डबी ठरवते. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. निवांत बसलेला माणूस तासाला पंधरा-वीस लिटर सोडतो, ओझं उचललं, धावला, तर चार-पाच पट. डबी तो वायू मोजते आणि अंदाज बांधते की घरात माणसं किती आणि त्यांना हवा किती लागेल. माणूस बाहेर गेला की पंखा मंद होतो आणि वीज वाचते. घरात कोण काय करतं ते तिला कळत नाही. तिला फक्त श्वास कळतो.

प्रत्येक घराचा आकडा जिन्याजवळच्या तक्त्यावर दिसतो, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. तो तक्ता बघायला लोकांनी मला हवामुकादम नेमलं. महिन्यात ज्या घराला सगळ्यात कमी हवा लागेल त्याच्या दारावर पत्र्याचं हिरवं पान लावायचं, अशी पद्धतही मीच काढली. लोकांना चढाओढ आवडते. पहिल्या सभेत मी सगळ्यांना दटावलं की घरात उदबत्ती, धूप, कापूर काही जाळायचं नाही. जाळलंत की तक्ता लाल होतो, आणि लाल झाला की मी तुमच्या दारात येऊन उभी राहते. सगळे हसले. पुढच्या रांगेतून माझी भावजय कला उठली आणि तिनं विचारलं, "दर खेपी याल काय बाई?"

मी म्हटलं, दर खेपी येईन.

कला म्हणजे मीच पाहून आणलेली पोरगी. अंगानं किरकोळ, कामाला वाघीण. हरीशी लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. हरी पाण्याच्या टाकीवर रात्रपाळीला होता, सकाळी येऊन झोपायचा, दुपारी एकला उठायचा. माझं घर तीनशे एक, त्याचं तीनशे दोन. मधे भिंत एकच. मी उठता बसता लोकांना सांगायची, भाऊ शेजारी आहे, मला कशाची भीती.

मार्चमध्ये एका दुपारी तीनशे दोनचा दिवा लाल झाला. मी जाऊन घंटी दाबली. बऱ्याच वेळानं हरीनं दार उघडलं. घामानं निथळत होता. म्हणाला, रात्रपाळीनं अंग धरतं म्हणून दुपारी बैठका मारतो. आतून कापराचा वास येत होता. मी म्हटलं हा काय प्रकार, तर तो हसला. "देवाचं खूळ भरलं हाय तिले, लेकरासाठी." कला त्याच्या मागे उभी होती, पदर कानावरून ओढून घेतलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मला वाटलं, चुकली म्हणून लाजली. मी हरीला सांगितलं की बायकोला सांग, कापूर जाळायचा नाही.

आठ दिवसांनी पुन्हा लाल. पुन्हा तीच वेळ, पुन्हा कापूर, पुन्हा दारात हरी. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मुकादमाच्या सख्ख्या भावाच्या घरात कापूर जळतो म्हणून लोक मलाच नावं ठेवणार. मी दारात उभी राहून हरीला सुनावलं, ही काय देवपूजेची वेळ आहे, तपासणी तोंडावर आली आहे, माझं ऐकत नसेल तर तूच काय ते समजाव तिला.

त्यानं समजावलं. त्यानंतर तीनशे दोनचा दिवा कधीच लाल झाला नाही. एप्रिलअखेर आकडे काढले तर चाळीस घरांत सगळ्यात कमी हवा तीनशे दोनला लागलेली. मी स्वतः खिळा ठोकून त्या दारावर हिरवं पान लावलं. टाळ्या वाजल्या. हरीनं हात जोडले. कला बाहेर आली नाही, तिला ताप होता म्हणाला.

तपासणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तपासनीस म्हणून आली ती पंचविशीतली पोरगी होती, आर्वी ताजने. आमच्याकडे आर्वी हे गाव आहे, तेव्हा मी विचारलं, मॅडम, बाकीच्या बहिणींची नावं काय, पुलगाव आणि हिंगणघाट? ती हसली, पण कामाला एकदम कडक निघाली. तपासणी अशी, की घराच्या दाराला कापडी चौकटीत बसवलेला मोठा पंखा लावायचा, आत हवा कोंबायची आणि किती गळते ते मोजायचं. घरात जेवढी हवा मावते तिच्या दीडपट एका तासात गळली तर चालेल, त्याच्या वर गेली तर नापास. आणि एक घर नापास तर इमारत नापास. तिनं प्रत्येक घराला हिरव्या चिकटपट्टीचं एक-एक रीळ दिलं, न्हाणीची आणि स्वयंपाकघराची हवा जायची भोकं बुजवायला. वाटलं मीच. हरीच्या हातातही रीळ मीच ठेवलं. पाळी येईपर्यंत कोणी दार उघडायचं नाही, असं घरोघर बजावून आले.

बाहेर सत्तेचाळीस होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आर्वी दोन मजले संपवून दीडच्या सुमारास तिसऱ्यावर आली. सगळी घरं पास. तिची माणसं पंखा वर चढवत होती, तोवर ती आमच्या तक्त्यावर मागचे आकडे चाळत बसली. मी मोठ्या तोऱ्यात तिला तीनशे दोन दाखवलं, म्हटलं हे आमचं पान मिळालेलं घर. तिनं पाहिलं, मागे गेली, पुन्हा पाहिलं. मग विचारलं, इथे राहतं कोण? मी म्हटलं माझा भाऊ आणि भावजय, दोघंही घरीच असतात.

"इतक्या हवेत दोन माणसं राहू शकत नाहीत, मावशी," ती म्हणाली.

तिनं मला रेषा दाखवली. रोज दुपारी सव्वाच्या सुमारास ती एकदम वर चढत होती. मी सांगितलं की भाऊ बैठका मारतो. ती म्हणाली, एकट्या माणसानं कितीही बैठका मारल्या तरी एवढा वायू सुटत नाही, इथे दोन माणसं जीव तोडून श्वास घेतायत. वीसेक मिनिटांनी रेषा कोसळत होती. दोन माणसांच्या आकड्यावर न थांबता सरळ एका माणसाच्या आकड्यावर यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायची. दुसरं माणूस गेलं कुठे, तिनं विचारलं. बाहेर तर कोणी जात नाही. मी म्हटलं न्हाणीत गेलं तर? ती म्हणाली, न्हाणीची हवा वेगळी बाहेर जाते, तिथलं माणूस डबीला दिसत नाही. पण रोज चार-चार तास न्हाणीत कोण बसतं?

बोलता बोलता तक्त्यावरची आजची रेषा चढायला लागली होती. ती पार वर गेली, तिथे थोडा वेळ थरथरली, आणि आमच्या डोळ्यांसमोर खाली कोसळली. एक माणूस.

वर्षभर मी ज्या भिंतीला पाठ टेकून दुपारची भाजी निवडली, तिच्या पलीकडे हे चाललं होतं. टिनात असतो तर पहिल्या दिवशी ताट वाजलं असतं. आणि मी, ताटवालीच मी, त्याच्या दारावर पान लावून आले होते.

घंटी दाबली, दार बडवलं. काही नाही. आमची दारं बाहेर उघडणारी, चार बोटं जाड, लोखंडी चौकटीत घट्ट बसणारी. बाहेर उघडणारं दार खांद्यानं तुटत नाही. पोलिसांना आर्वीनं फोन लावला, ते अर्ध्या तासात येतो म्हणाले. मी माझ्या घरात शिरले आणि पलंगाखालून सब्बल ओढली.

मला एक गोष्ट माहीत होती जी दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती. त्या मधल्या भिंतीत, खालून तिसऱ्या ठोकळ्याच्या सांध्यात, बांधताना चुना कमी पडला होता. शेवटचा दिवस होता, मी नुसता तूस कोंबला आणि वरून गिलावा मारून झाकलं. गवंड्याची चोरी गवंड्यालाच ठाऊक. तपासणीत ती पकडली जाईल म्हणून महिनाभर धास्ती खाल्ली होती. आता तिथेच पहिला घाव घातला. आर्वी दारात येऊन ओरडली की मावशी काय करताय, दोन्ही घरं जातील, चाळीस घरं जातील. मी म्हटलं जाऊ दे. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी तूस उपसायला लागली. पोरगी सोन्यासारखी आहे.

सात-आठ मिनिटं लागली असतील. डोळ्यांत चुना, नाकात तूस. सब्बलीचं टोक पलीकडे गेलं आणि तिकडून कोणीतरी ते धरलं. मी ओढलं, त्यानंही ओढलं, आणि मग एकदम जोरानं माझ्याकडे ढकललं. सब्बल माझ्या तोंडावर बसली. पुढचे दोन दात तेव्हा गेले, हे बघा. रक्त थुंकले आणि पुन्हा मारत सुटले. भोक टोपलीएवढं झालं तशी मी डोकं आणि खांदे आत घातले.

हरीनं माझे केस धरले. आत ओढलं, भिंतीच्या फुटक्या कडेवर माझं कपाळ आपटलं, दोनदा. तो शिव्या देत नव्हता, ओरडत नव्हता. हळू आवाजात, समजुतीनं बोलत होता. "बाई, तू तुह्या घरी जाय. हे माह्यं घर हाय." मी कशीतरी घसरत पलीकडे पडले. त्यानं माझ्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घालायला पाय उचलला तेवढ्यात माझ्या हाताला सब्बल लागली, आणि मी बसल्या जागेवरून ती फिरवली. त्याच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्या बंद घरात फार मोठा आला.

मला तिथे थांबता आलं असतं. हात गेला होता त्याचा, तो भिंतीला टेकून 'बाई, बाई' करत होता. दुसरा घाव मी रागानं घातला, गुडघ्यावर. त्याच हातात उलथनं धरून हा माझ्यासाठी रडत उभा होता, हे मला त्याच क्षणी आठवलं म्हणून घातला. कोर्टात मी हे असंच सांगितलं. खोटं कशाला सांगू?

न्हाणीला बाहेरून कडी होती. कडी काढली तर दार उघडेना, कारण कला दाराला लागून आत पडली होती. आर्वीनं आणि मी मिळून तिला दारासकट सरकवलं. तिच्या तोंडावर हिरवी चिकटपट्टी होती, मी दिलेल्या रिळातली, या कानापासून त्या कानापर्यंत तीन वेढे. आवाज तसा बाहेर जातच नव्हता, पण तपासणीवाले आलेत म्हणून त्यानं जास्तीची खबरदारी घेतली होती. नाक मोडलं होतं आणि रक्तानं भरलं होतं. म्हणजे श्वासाला जेमतेम फट उरली होती, तीही आता बुजली होती. ओठ काळेनिळे, डोळे अर्धे उघडे. पट्टी निघेना, तेव्हा मी उरलेल्या दातांनी तोडली. तोंडात बोट घालून रक्ताची गाठ काढली, पाठीवर थापट्या मारल्या. काही होईना. मग आर्वीनं तिला उताणी केली, स्वतःच्या तोंडानं हवा भरायला लागली. किती वेळ भरली कोण जाणे. एकदाची कला खोकली. इतका घाणेरडा आणि इतका चांगला आवाज मी जन्मात ऐकला नाही.

दार उघडून तिला बाहेर काढलं तेव्हा जिना भरला होता. बातमी फुटली होती, की मुकादमबाईनं भिंत फोडली, इमारत नापास. चौथ्या मजल्यावरच्या बाबाराव तुमसरेनं माझ्या खांद्याला धक्का दिला. तो म्हणाला की तुमच्या घरचं भांडण तुम्ही दोघं भावंडं बघा, आमची लेकरं टिनात कशाला मारता. मागून कोणीतरी चप्पल फेकली. ती मला लागली नाही, कलाच्या अंगावर पडली. तेवढ्यात वरच्या पायरीवर ताट वाजलं. राजकन्याबाई होती, जुन्या वस्तीतली माझी शेजारीण. तिनं कलाचा चेहरा पाहिला होता. एक वाजलं, मग दुसरं, मग पाचव्या मजल्यापासून खालपर्यंत. वर्षभरात त्या इमारतीत एवढा आवाज झाला नव्हता. बाबारावनं वाट सोडली, आणि आम्ही त्या दणक्यातून कलाला खाली नेलं.

आर्वीनं कागदावर 'नापास' लिहिलं, दुसरं काही लिहिता येत नव्हतं. पण नियमात एक सवलत होती, सात दिवसांत दुरुस्ती करून एकदा पुन्हा तपासणी मागता येते. हरी पोलिसांच्या ताब्यात, हात-पाय प्लास्टरमध्ये. कला दवाखान्यात. मी दवाखान्यात गेले नाही. जाववेना. मी भिंत बांधायला घेतली.

बांधताना मनात एकच होतं, की ही भिंत पुन्हा मुकी होऊ द्यायची नाही. म्हणून सांध्यात एक लोखंडी सळई आरपार घातली आणि दोन्ही बाजूंना तिच्यावर एकेक ताट पक्कं केलं. माझ्या बाजूला ते पोचे पडलेलं. इकडच्या ताटावर बोट आपटलं तरी तिकडे टण्ण वाजतं. आर्वीला दाखवलं तर तिनं कपाळाला हात लावला. लोखंडातून उष्णता धावत येते, म्हणजे तुसाच्या भिंतीला तेवढं भोकच पाडल्यासारखं. एका घरात चालेल, म्हणाली. मी म्हटलं चाळीसही घरांत घालायचंय. दोन दिवस इमारतीत नुसती भांडणं झाली. बाबाराव म्हणाला की आमच्या घरात तसलं काही होत नाही. राजकन्याबाई म्हणाली, मग तुला ताटाचं भ्या काहून? शेवटी चाळीस सळया गेल्या, चुना-सुतळीनं घट्ट बुजवल्या. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी पंखा लागला. एक पूर्णांक सेहेचाळीस आला, दीडच्या आत. विजेचा आकडाही काठावर बसला. दाखला मिळाला. चाळीस घरं टिनात गेली नाहीत.

तो दाखला हातात घेऊन मी कलाकडे गेले. खरं सांगते, छाती फुगवून गेले. तिचा जबडा तारांनी बांधलेला होता, एक कान गेला होता, डोळ्याभोवतीची सूज उतरत होती. मी तिला सगळं सांगितलं. ताटं, सळया, चाळीस घरं. म्हटलं, पोरी, आता नुसतं बोट लावलंस तरी मला ऐकू येईल. आणि मग जे आठ दिवस घशात अडकलं होतं तेही विचारलं. म्हटलं, एकदा तरी मला सांगायचं होतंस. मी भिंतीपलीकडे होते.

बोलायला तिला त्रास होत होता, शब्द दातांतूनच येत होते.

"सांगतलं ना बाई," ती म्हणाली. "तीनदा सांगतलं. तुमीच म्हन्लं होतं, तक्ता लाल झाला का मी दारात येईन. म्हनून कापूर जाळला."

मग म्हणाली, "आल्या तुमी. तिनई खेपी आल्या. अन् त्यालेच सांगून गेल्या."

दाखला मांडीवर तसाच राहिला. तिनं कूस बदलली आणि मी तिच्या पाठीकडे बघत बसले. आज ती तिच्या माहेरी आहे, शिवणाचं काम करते, माझ्याशी बोलत नाही. मी दर महिन्याला जाते. ती पाणी देते. मी पिते आणि परत येते.

झालं. चला, आता तक्ता बघू. दिवा लाल झाला की दारात जायचं, आणि दार कोणी का उघडेना, घरातल्या बाईला बाहेर बोलवायचं. एकटीला. तिला आधी विचारायचं. बाकी पंखे आणि नळ्या काय, कोणीही शिकवील.